गुजराती आणि पश्तो : दोन भाषा व त्यांचे भाषक

मराठी माणसाच्या मनात गुजराती ही भाषा बहुधा दुकानाच्या गादीवरून आणि पश्तो ही सावकाराच्या दंडुक्यामागून प्रवेश करते. शेटजी, हुंडी, चोपडी, वायदा असा शब्दांचा एक परिवार पहिलीच्या भोवती आपोआप जमतो. तर ‘पठाणी व्याज’ हा एकच वाक्प्रचार दुसरीच्या कोट्यवधी भाषकांचे चरित्र जणू सांगून मोकळा होतो. परंतु आपल्या दाराशी ज्या धंद्याच्या निमित्ताने कोणी आला, तो धंदा म्हणजे त्याची भाषा नव्हे. आणि ज्या धर्माचा किंवा वंशाचा तो असेल, तो धर्म अथवा वंश म्हणजेही त्याची भाषा नव्हे. ही गोष्ट सिद्ध करण्यास या दोन भाषांइतकी उत्तम उदाहरणे सहसा मिळत नाहीत, आणि ती पाहण्यास विश्रांतवाडीइतके सोयीचे ठिकाणही पुण्यात दुसरे नाही.

पुणे शहराच्या ईशान्येस, आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी दिघी मागे टाकून ज्या वस्तीतून शहरात येते, ती ही विश्रांतवाडी. तिला लागून असलेल्या येरवड्यात डेक्कन कॉलेज आहे, मध्यवर्ती कारागृह आहे, आणि थोड्या अंतरावर, नगर रस्त्याच्या कडेला, आगाखान पॅलेस आहे. विद्यापीठ, तुरुंग आणि राजवाडा या तिन्ही वास्तूंच्या दप्तरांत गुजराती भाषेचा इतिहास विखुरलेला आहे. आणि पश्तोपर्यंत पोहोचण्याची वाट ज्या शास्त्रातून जाते, त्या भाषाशास्त्राचे तर डेक्कन कॉलेज हे महाराष्ट्रातील मुख्य पीठच होय.

१८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा क्रमाक्रमाने महाविद्यालयाचे रूप घेऊन १८६८ साली येरवड्याच्या दगडी इमारतीत आली. या इमारतीसाठी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीचा मोठा आधार झाला. मुळा-मुठेवरील बंडगार्डनच्या बंधाऱ्यालाही याच दात्याचे साहाय्य होते. जमशेटजी पारशी, म्हणजे ज्यांचे पूर्वज इराणातून निघून गुजरातच्या किनाऱ्यावर संजाण येथे उतरले, अशा समाजातले. या समाजाने आपला अग्नी आणि आपली अवेस्ता जतन केली. घरची भाषा मात्र गुजराती केली, आणि ती इतक्या आत्मीयतेने की गुजराती मुद्रण, वृत्तपत्र आणि रंगभूमी या तिन्ही क्षेत्रांत अग्रपूजेचा मान पारशांकडे जातो. म्हणजे इराणी वंशाचे हे लोक बोलू लागले एक भारतीय भाषा. उलट, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर शतकानुशतके नांदणारी पश्तो मात्र कुळाने इराणी राहिली. वंशाच्या सनदेवरून भाषेचे खाते काढू पाहणाऱ्याची फसगत येथे पहिल्याच पानावर होते.

या कुळांची मांडणी जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात स्पष्ट दिसते. मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये, राजस्थानी व गुजरातीचा नवव्या खंडातील भाग १९०८ मध्ये आणि पश्तोसह इराणी भाषांचा दहावा खंड १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत आणि अवेस्ता या सख्ख्या बहिणी. संस्कृताच्या अंगाने प्राकृत-अपभ्रंशांच्या द्वारा मराठी व गुजराती आल्या. अवेस्तेच्या अंगाने जे अनेक फाटे फुटले, त्यांतील पूर्वेकडील फाट्यावर पश्तो आहे, आणि तिचे जवळचे आप्त पामीरच्या दऱ्यांतील लहान लहान भाषा होत. तेव्हा गुजराती ही मराठीची बहीण आणि पश्तो ही दूरची चुलत बहीण, असे हे नाते आहे.

गुजरातीचा लिखित इतिहास जैन साधूंच्या हस्तलिखितांपासून सुरू होतो. बाराव्या शतकात पाटणच्या सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने आचार्य हेमचंद्र यांनी जे व्याकरण रचले, त्याच्या अखेरच्या अध्यायात अपभ्रंशाचे नियम सांगताना लोकांच्या तोंडी असलेले दोहे उदाहरणांदाखल घेतले. आणि ज्या भाषेला पंडितांनी ग्राम्य म्हणावे, तिची नोंद शास्त्रकाराच्या हातून झाली. ११८५ साली शालिभद्रसूरींनी रचलेला ‘भरतेश्वर-बाहुबली रास’ हा या परंपरेतील एक अत्यंत जुना काव्यग्रंथ. त्या काळी गुजराती आणि पश्चिम राजस्थानी यांची शीवच पडलेली नव्हती. इटालियन पंडित तेस्सितोरी यांनी १९१४ ते १९१६ या काळात या समाईक अवस्थेचे व्याकरण तपशीलवार मांडले. पुढे पंधराव्या शतकात जुनागढचे नरसिंह मेहता, सतराव्या शतकात अखो व प्रेमानंद, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दयाराम अशी कविपरंपरा चालत आली. तिच्या पाठोपाठ सुरतेचे नर्मद उभे राहिले, ज्यांनी सुधारणेच्या चळवळीत स्वतःला झोकून देतानाच ‘नर्मकोश’ हा शब्दकोश एकहाती सिद्ध करून १८७३ मध्ये प्रसिद्ध केला.

मराठी वाचकाला या भाषेचा सांगाडा ओळखीचा वाटतो, तो काही योगायोगाने नव्हे. प्रमुख भारतीय आर्यभाषांपैकी नपुंसकलिंग जिवंत ठेवले ते मराठी, कोकणी व गुजराती यांनीच. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून बोलणे आणि त्याला सामावून घेऊन बोलणे, गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा तंतोतंत आहे. हिंदीने सोडलेला ‘ळ’ दोघींच्याही घरी सुखरूप आहे. नरसिंह मेहतांच्या पदांच्या नाममुद्रेत तर ‘चा-ची’ या वळणाचा षष्ठीचा प्रत्ययही आढळतो, जो आजच्या गुजरातीत ‘नो-नी-नुं’ या रूपांनी मागे सारला आहे. मात्र गुजरातीचे एक वैशिष्ट्य मराठी कानाला चटकन पकडता येत नाही. ‘बार’ म्हणजे बारा आणि ‘ब्हार’ म्हणजे बाहेर, या दोन शब्दांतील फरक हकाराचा नसून स्वराबरोबर सुटणाऱ्या श्वासाचा आहे. या श्वासयुक्त स्वरांचे शास्त्रशुद्ध विवेचन प्रबोध पंडित यांनी १९५७ साली ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकात केले. ते नियतकालिक चालवणाऱ्या भारतीय भाषाविज्ञान परिषदेचे कार्यालय येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातच आहे.

लिपीची कथा अधिक उद्बोधक आहे. महाराष्ट्रात जशी ग्रंथांना बालबोध आणि दप्तराला मोडी अशी वाटणी होती, तशीच गुजरातेत ग्रंथांना देवनागरी आणि हिशेबाला वाणियाशाई किंवा सराफी होती. शिरोरेखा ओढण्यास ज्या कारकुनाला सवड नाही, त्याची ही घाईची लेखणी. छापखाने आले तेव्हा दोन्ही भाषांपुढे निवडीचा प्रश्न उभा राहिला. मराठीत आरंभी मोडीचेही खिळे पाडले गेले. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपैकी विल्यम केरी यांनी आपला १८१० चा मराठी कोश मोडी टाइपात छापला होता. तरीही पुढे मराठी मुद्रणाने बालबोधीची कास धरली. गुजरातीने मात्र बाजाराची लेखणीच ग्रंथाच्या पानावर आणून बसवली. फर्दुनजी मर्झबान यांनी खिळे पाडून छापखाना काढला आणि १ जुलै १८२२ रोजी ‘मुंबई समाचार’ सुरू केला. मराठीतले ‘दर्पण’ यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, जानेवारी १८३२ मध्ये निघाले. ‘मुंबई समाचार’ मात्र आजतागायत चालू असून अखंड प्रकाशित होणारे ते आशियातील सर्वांत जुने वृत्तपत्र मानले जाते. शिरोरेखेवाचूनची गुजराती अक्षरे जी आज आपण पाहतो, ती या निवडीचे फळ आहेत. व्यापाऱ्यांची भाषा हा शिक्का त्या लिपीपुरता खरा मानता येईल, भाषेपुरता नव्हे.

कारण गुजराती बोलणाऱ्यांत हिंदू व जैन वणिकांइतकेच शेतकरी पाटीदार, कोळी, आदिवासी, पारशी आणि मुसलमानही आहेत. दाऊदी बोहरा समाज आपली गुजराती अरबी लिपीत लिहितो आणि तीत अरबी शब्दांचा मुक्त हस्ताने वापर करतो. खोजा इस्माइली समाजाची ‘गिनान’ ही भक्तिगीते गुजराती, कच्छी, सिंधी व हिंदी यांच्या मिश्रणात असून ती खोजकी नावाच्या निराळ्या लिपीत लिहिली जात. या समाजाचे इमाम तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी १८९२ मध्ये येरवड्यानजीक जो राजवाडा बांधला, त्यातच पन्नास वर्षांनी गांधीजींना स्थानबद्ध करण्यात आले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेव देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांनी तेथेच देह ठेवला. खोजांच्या इमामाच्या वाड्यात दोन हिंदू गुजराती बंदिवानांचा अंत व्हावा, ही इतिहासाची विलक्षण घटना होय. पण भाषेच्या दृष्टीने पाहिले तर त्या वाड्याच्या मालकाचे अनुयायी आणि ते बंदिवान एकाच भाषेच्या छत्राखालचे होते.

येरवड्याचा तुरुंग तर गुजराती वाङ्मयाचे एक प्रसूतिगृहच ठरला. १९२३ मध्ये येथेच गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास गुजरातीत सांगण्यास आरंभ केला आणि सहबंदी इंदुलाल याज्ञिक यांनी तो उतरून घेतला. १९३० च्या कारावासात त्यांनी आश्रमवासीयांना दर आठवड्याला धाडलेली व्रतविषयक प्रवचने ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूप झाली. त्या वेळी त्यांच्या सोबतीस काका कालेलकर होते : साताऱ्यात जन्मलेले मराठी गृहस्थ, ज्यांच्या गुजराती गद्यावर लुब्ध होऊन गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ ही पदवी बहाल केली. १९३२ मधील येरवड्याच्या दिवसांची दैनंदिनी महादेवभाईंनी गुजरातीत लिहून ठेवली. आणि त्याच काळात वल्लभभाई पटेल उतारवयात तेथे संस्कृतचे धडे गिरवत होते.

आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी काही दिवस पाचगणीस राहिले, आणि तेथून १७ जुलै १९४४ रोजी त्यांनी जिनांना पत्र लिहिले ते गुजरातीत. जिनांचे घराणे काठियावाडातील पानेली गावचे. म्हणजे फाळणीच्या वाटाघाटींत एकमेकांसमोर बसलेल्या या दोघांची मातृभाषा एकच होती, आणि प्रांतही एकच. जिनांनी उत्तर धाडले ते मात्र इंग्रजीत. समान भाषा असली की समान मत होतेच, असा भाबडा समज बाळगणाऱ्याने हा पत्रव्यवहार अवश्य पाहावा.

आता पश्तोकडे वळू. अफगाणिस्तानचा दक्षिण व पूर्व भाग, पाकिस्तानचा खैबर-पख्तुनख्वा प्रांत आणि बलुचिस्तानचा उत्तर भाग हा तिचा मूळ मुलूख. १८९३ मध्ये आखलेल्या ड्युरँड रेषेने तो दोन राज्यांत विभागला. पाकिस्तानच्या २०१७ च्या जनगणनेत १८ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांनी पश्तो ही आपली मातृभाषा नोंदवली, म्हणजे पावणेचार कोटींहून अधिक. कराचीसारख्या दूरच्या बंदरातही पश्तो बोलणारे लाखोंनी आहेत. अफगाणिस्तानात १९३६ च्या राजाज्ञेने पश्तोला राजभाषेचे स्थान मिळाले, आणि १९६४ च्या राज्यघटनेने दरी व पश्तो या दोहोंना अधिकृत भाषा ठरवले. तरीही शतकानुशतके तेथील दरबार, दप्तर आणि शहरी व्यवहार फारसीच्या हाती राहिल्यामुळे, राज्यकर्ते पश्तून आणि राज्यकारभार फारसी, अशी स्थिती दीर्घकाळ होती. पेशव्यांचे कारकून फारसी शब्दांनी भरलेले मराठी रुमाल लिहीत होते तेव्हा अहमदशाह अब्दालीच्या दरबाराची भाषाही फारसीच होती. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांची अब्दालीशी गाठ पडली, हे आपल्याकडे शाळकरी पोरही जाणते. परंतु तोच अब्दाली पश्तोत कविता करीत असे आणि त्याचा दिवान, म्हणजे काव्यसंग्रह, उपलब्ध आहे, ही गोष्ट आपल्या बखरींच्या कक्षेबाहेर राहिली.

पश्तोचे उच्चार प्रांतागणिक बदलतात. कंदाहारकडे ती ‘पश्तो’, तर पेशावरकडे ‘पख्तो’. अक्षर तेच, उच्चार निराळा. कुळाने इराणी असूनही तिने भारतीय शेजारामुळे ट, ड, ण यांसारखे मूर्धन्य वर्ण आत्मसात केले आणि त्यांसाठी अरबी लिपीत नवी अक्षरे घडवली. आपल्या ‘चमचा’तील आणि ‘जावई’तील दंत्य च-ज यांच्या जवळ जाणारे उच्चारही तिच्यात आहेत, मात्र तेलुगूतही ते असल्यामुळे एवढ्यावरून नाते जोडण्याची घाई करू नये. खरी वंशखूण निराळी आहे. जुन्या ‘द’चा पश्तोत नियमाने ‘ल’ झाला : दश म्हणजे ‘लस’, देवर म्हणजे ‘लेवर’, आणि दुहिता म्हणजे ‘लूर’. हे सूत्र एकदा हाती आले की परके वाटणारे शब्द ओळख देऊ लागतात.

व्याकरणातील एक साम्य तर तिन्ही भाषांना एका रांगेत बसवते. मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद खाणाऱ्याचे लिंग न घेता भाकरीचे घेते. गुजरातीत ‘में रोटली खाधी’ येथे हेच घडते. पश्तोतही भूतकाळी ‘मा डोडइ वख्वडा’ असे म्हणताना कर्ता सामान्यरूपात जातो आणि क्रियापद स्त्रीलिंगी ‘डोडइ’शी जुळते. संस्कृत आणि जुनी इराणी यांच्यातील कर्मणी भूतकालवाचक धातुसाधिताचा हा वारसा फारसीने टाकून दिला. पुण्याच्या स्वयंपाकघरात आणि पेशावरच्या तंदुराशेजारी तो अजून चालू आहे.

पश्तो वाङ्मयाचा निश्चित इतिहास सोळाव्या शतकातील बायझीद अन्सारी यांच्या ‘खैरुल-बयान’ या धर्मग्रंथापासून मोजतात. १९४४ मध्ये काबूलहून प्रसिद्ध झालेल्या ‘पटा खजाना’ने ही परंपरा आठव्या शतकापर्यंत मागे नेण्याचा दावा केला, परंतु त्या हस्तलिखिताच्या खरेपणाविषयी अनेक पंडितांनी गंभीर शंका घेतली आहे. सतराव्या शतकातील खुशालखान खट्टक हे या भाषेचे महाकवी : १६१३ ते १६८९ हा त्यांचा काळ. टोळीचे प्रमुख, मोगलांचे मनसबदार, मग औरंगजेबाचे बंदिवान आणि अखेर त्याचे उघड शत्रू. शिवाजी महाराजांचे हे समकालीन. एकाच बादशहाविरुद्ध एकाच काळी सह्याद्रीत आणि खैबरच्या डोंगरांत झुंज चालू होती. त्यांच्या मागोमाग आलेल्या रहमान बाबांची सूफी कविता आजही सामान्य पश्तूनाच्या ओठांवर असते. आणि या नामांकित कवींच्या जोडीला निनावी स्त्रियांचे ‘लंडइ’ हे दोन ओळींचे गीत आहे : पहिल्या ओळीत ९ आणि दुसरीत १३ अक्षरे, एवढ्या अवकाशात विरह, युद्ध, उपहास आणि बंड सामावणारे. आपल्या जात्यावरील ओव्यांचा संग्रह ज्याने चाळला असेल, त्याला त्याची महती सांगावी लागणार नाही.

युरोपीय अभ्यासाची सुरुवातही महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. श्रीरामपूरच्या ज्या मिशनने मराठी कोश छापला, त्यानेच १८१८ मध्ये पश्तोत नवा करार प्रसिद्ध केला. आणि १८५५ चे पश्तो व्याकरण व १८६० चा कोश रचणारे हेन्री रॅव्हर्टी हे मुंबई इलाख्याच्या फौजेतील अधिकारी होते. पुढे नॉर्वेचे गेओर्ग मोर्गेनस्टियेर्न यांनी १९२४ मध्ये काबूलला जाऊन जे काम केले, त्यातून १९२७ चा पश्तो व्युत्पत्तिकोश सिद्ध झाला.

पश्तो बोलणारी माणसे महाराष्ट्रात आली ती प्रामुख्याने मुंबईत : गोदीत, गिरण्यांच्या फाटकांवर, आणि कर्जवसुलीच्या धंद्यात. त्यांची भाषा शेजाऱ्यांस अवगत नव्हती, आणि ज्याची भाषा कळत नाही त्याच्याविषयी काहीही खरे वाटू लागते. १९२९ च्या फेब्रुवारीत, संपाच्या तणावात, पठाण लहान मुले पळवतात अशी आवई मुंबईत उठली आणि तिच्यापायी दंगलीत माणसे मारली गेली. याच्या बरोबर उलट चित्र पाच वर्षांनी वर्ध्यास दिसले. ज्यांनी १९२१ मध्ये उत्मानझईस शाळा काढली, १९२८ मध्ये ‘पख्तून’ हे पश्तो मासिक सुरू केले आणि पुढल्याच वर्षी खुदाई खिदमतगारांची अहिंसक सेना उभारली, ते अब्दुल गफारखान १९३४ मध्ये प्रांतबंदीमुळे वर्ध्यास गांधीजींच्या सान्निध्यात राहिले. मुंबईतील एका भाषणाबद्दल राजद्रोहाचा आरोप ठेवून त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना वर्ध्याहूनच अटक झाली. गांधीजींनी जसे आत्मचरित्र गुजरातीत लिहिले, तसे गफारखानांनी आपले जीवनचरित्र पश्तोत लिहून १९८३ मध्ये काबूलहून प्रसिद्ध केले. सामान्यांपर्यंत पोहोचायचे तर मातृभाषेतूनच, या बाबतीत दोघांचे एकमत होते.

‘पठाण’ आणि ‘पश्तोभाषक’ हे मात्र समानार्थी मानू नयेत. २०११ च्या जनगणनेत ‘अफगाणी, काबुली, पश्तो’ या सदराखाली सबंध भारतात सुमारे २१ हजार लोकांचीच नोंद आहे. याउलट खान-पठाण म्हणवणारी घराणी रोहिलखंडापासून मराठवाड्यापर्यंत पसरली असून त्यांची बोली पिढ्यान्‌पिढ्या उर्दू किंवा दखनी आहे. पेशावरच्या फळव्यापाऱ्याचे चिरंजीव दिलीपकुमार नाशिकजवळच्या देवळालीत शिकले आणि तरुणपणी पुण्याच्या लष्करी उपाहारगृहात नोकरीस राहिले. त्यांच्या घरची बोली हिंदको, म्हणजे भारतीय आर्यकुळातली. दुसरीकडे, फाळणीनंतर बलुचिस्तानातून राजस्थानात आलेल्या काही हिंदू कुटुंबांत पश्तोच घरची भाषा होती. पुण्याच्या महाविद्यालयांत गेली अनेक वर्षे जे अफगाण विद्यार्थी शिष्यवृत्त्या घेऊन शिकावयास येतात, त्यांतही दरी, पश्तो आणि उझबेक बोलणारे सारेच असतात. गुजरातीची गोष्ट त्याच जनगणनेच्या आकड्यांत याच्या उलट : देशात साडेपाच कोटी भाषक, त्यांतील सुमारे २४ लाख एकट्या महाराष्ट्रात, आणि १ मे १९६० रोजी मुंबईचे द्विभाषिक राज्य विभागले गेल्यावरही त्यांचे घरदार येथेच राहिले.

खानेसुमारीचा कारकून दारोदार फिरतो तेव्हा जन्मस्थान, धर्म, व्यवसाय आणि मातृभाषा यांची नोंद तो चार वेगवेगळ्या रकान्यांत करतो, आणि एका रकान्यातील उत्तरावरून दुसरा भरण्याची त्याला मुभा नसते. संजाणला उतरलेले पारशी, पानेलीचे खोजा घराणे, साताऱ्याचा सवाई गुजराती, हिंदको बोलणारा पठाण आणि पश्तो बोलणारा हिंदू यांची गाठ पडल्यावर त्या नियमामागील शहाणपण ध्यानात येते. कोणतीही भाषा समजून घ्यायची तर सरकारी तक्त्यातील ही शिस्त आपल्या विचारालाही लावून घेतली पाहिजे.